थेंबे थेंबे गाडी चाले

बालमित्रांनो, गेल्या आठवड्यात आपण घरातल्या शिवणयंत्राच्या पोटात डोकावून आलो. आज जायचे आहे एका म्हाताऱ्या मोटारीकडे. म्हातारी म्हणजे किती म्हातारी? तुमच्या आई-बाबांच्या वयाची म्हणा ना! (हे त्यांना वाचून दाखवू नका, उगाच रागावतील.)

आमच्या साताऱ्यात, शेजारच्या आजोबांकडे १९८८ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. पांढरी, गोल डोळ्यांची, दार लावले की 'धप्प' असा भारदस्त आवाज करणारी. ही गाडी तुम्ही जुन्या हिंदी-मराठी सिनेमात नक्की पाहिली असेल. मुंबईतली काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. मुंबईत कुर्ल्याला तिचा कारखाना होता. इटलीच्या फियाट कंपनीची गाडी तिथे बनू लागली आणि पुढे १९७०च्या दशकात तिला 'पद्मिनी' हे नाव मिळाले. पण लोक तिला शेवटपर्यंत 'फियाट'च म्हणत राहिले! २००० सालाच्या सुमारास ही गाडी बनायची थांबली. मुंबईत शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. टॅक्सीला वयाची मर्यादा वीस वर्षांची. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी दिसेनाशी झाली. आता उरल्या त्या आजोबांसारख्या हौशी लोकांच्या दारात.

तर ही आजोबांची पद्मिनी गेल्या पावसाळ्यापासून रुसायला लागली. सपाट रस्त्यावर छान चालायची. पण यवतेश्वरचा घाट चढू लागली, की दोन-तीन वळणांनंतर आचके द्यायची आणि चक्क बंद पडायची. दहा मिनिटे थांबले, की पुन्हा सुरू! जणू काही झालेच नाही.

एका गॅरेजात दाखवली. तिथला माणूस बॉनेट न उघडताच म्हणाला, "आजोबा, इंजिन गेलं हिचं. किती पैसे घालाल? भंगारात द्या."

आजोबा हिरमुसले. दोन दिवस विचार करून त्यांनी खरोखरच भंगारवाल्याला रविवारी यायला सांगितले. आजींना हे कळले तेव्हा त्या भाजी निवडत होत्या. आजी याच गाडीवर ड्रायव्हिंग शिकल्या होत्या बरं का! मान वर न करता त्या म्हणाल्या, "द्यायची तर द्या. पण चालती करून द्या. बंद पडली म्हणून माणसाला कुणी घराबाहेर काढत नाही."

झाले! रविवारला चार दिवस होते. आजोबांच्या आठवीतल्या नातीने पुढाकार घेतला आणि जुन्या गाड्यांची कामे करणाऱ्या एका मिस्त्रीकाकांना बोलावून आणले. मीही वही-पेन घेऊन हजर झालो. तुमच्यासाठी, दुसरे काय!

मिस्त्रीकाकांनी आधी हत्यारांच्या पेटीला हातसुद्धा लावला नाही. त्यांनी इंजिनातली ऑइल बघायची पट्टी काढली आणि नातीच्या नाकाशी धरली. "वास घे."

"ई, पेट्रोल!"

"आणि खूण बघ. तेल वरच्या खुणेच्याही वर आलंय. गाईनं दूध वाढवलं तर आनंद व्हावा पोरी, पण इंजिनानं तेल वाढवलं तर घोर लागावा."

इंजिनातल्या तेलात पेट्रोल कसे गेले? हे समजायला हवे असेल, तर आधी गाडी पेट्रोल पिते कशी, हे पाहू या.

स्कूटर आठवा. तिची टाकी वर असते आणि इंजिन खाली. पेट्रोल आपोआप खाली उतरते. पण मोटारीची टाकी मागे आणि खाली, इंजिन पुढे, आणि पेट्रोल-हवेचे मिश्रण करणारा कार्बुरेटर तर इंजिनाच्याही वरच्या अंगाला. मग पेट्रोल वर चढवणार कोण? तर इंजिनाच्या कुशीला दोन नटांनी बसवलेला, मुठीएवढा एक पंप. मिस्त्री लोक त्याला 'एसी पंप' म्हणतात. थंड हवेच्या एसीशी त्याचा काहीएक संबंध नाही! असे पंप बनवणाऱ्या एका अमेरिकन कंपनीचे नाव होते एसी, म्हणजे अल्बर्ट चॅम्पियन या माणसाची आद्याक्षरे.

या पंपाला ना वायर, ना मोटर. त्याच्या पोटात आहे एक लवचिक पडदा. त्याला डायफ्राम म्हणतात. इंजिनात कॅमशाफ्ट नावाचा एक दांडा फिरत असतो. त्याच्यावर एका ठिकाणी चकतीसारखा उंचवटा असतो. दांडा फिरला, की हा उंचवटा पंपाच्या दांडीला ढोसतो आणि दांडी पडद्याला खाली खेचते. (काही गाड्यांत दांडी उंचवट्यावर थेट टेकते, तर काहींत मध्ये आणखी एक छोटी सळई असते.) पडदा खाली गेला, की वरची पोकळी वाढते आणि टाकीतले पेट्रोल आत येते. उंचवटा पुढे सरकला, की खालची स्प्रिंग पडद्याला वर ढकलते आणि पेट्रोल कार्बुरेटरकडे जाते.

पण थांबा. पडदा वर गेल्यावर पेट्रोल मागच्या मागे टाकीत का जात नाही? कारण पंपात दोन झडपा असतात. एक फक्त आत येऊ देते आणि दुसरी फक्त बाहेर जाऊ देते. आता छातीवर हात ठेवा. धकधक लागते आहे ना? तिथेही हेच चालले आहे! हृदयाच्या प्रत्येक जवनिकेला आत येण्याची एक झडप आणि बाहेर जाण्याची एक झडप असते. वाडीतल्या हापशालाही झडपा असतातच. युक्ती एकच, फक्त यंत्रे निरनिराळी.

हा पंप एका वेळी किती पेट्रोल ढकलत असेल? चला, हिशेब करू. गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने चालली आहे आणि एका लिटरला १५ किलोमीटर जाते, असे धरा. म्हणजे तासाला ४ लिटर. ४००० मिलिलिटरला ६० ने भागा. मिनिटाला साधारण ६७ मिलिलिटर, म्हणजे एक कटिंग चहा! त्या वेळी इंजिन मिनिटाला २४०० फेरे घेत असेल, तर कॅमशाफ्ट त्याच्या निम्मे, म्हणजे १२०० फेरे घेतो. तेवढ्याच वेळा पडदा खालीवर होतो, सेकंदाला वीस वेळा! आता ६७ ला १२०० ने भागून पाहा. उत्तर येते ०.०५ मिलिलिटरच्या आसपास. हे किती झाले? फक्त एक थेंब. थेंबे थेंबे तळे साचते हे ठाऊक होते, पण थेंबे थेंबे गाडीही चालते, हे या हिशेबाने दाखवले.

आणखी एक गंमत पाहा. गाडी सिग्नलला उभी आहे. कार्बुरेटरला पेट्रोल फारसे नको आहे. मग पंप ते ढकलत राहिला तर ते ओसंडून वाहील की! पण तसे होत नाही. कार्बुरेटरची वाटी भरली, की तिच्यातला तरंगता गोळा वर येऊन तोंड बंद करतो. पेट्रोलला पुढे जायला वाट उरत नाही. स्प्रिंगला पडदा वर ढकलता येत नाही. तो खालीच थांबतो आणि दांडी नुसतीच हलत राहते. वाटी रिकामी झाली, की काम पुन्हा सुरू. कुणी बटण दाबावे लागत नाही.

आता आजोबांच्या गाडीचे दुखणे लक्षात आले का? हा पडदा असतो रबर लावलेल्या कापडाचा. वर्षानुवर्षे खालीवर होऊन तो कडक होतो, चिरतो. शिवाय आता आपल्या पेट्रोलमध्ये सुमारे २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते आणि जुन्या काळच्या रबराला ते मानवत नाही. पडदा चिरला, की पेट्रोल चिरेतून खाली गळते आणि थेट इंजिनातल्या तेलात उतरते. तेल पातळ होते. पातळ तेल इंजिनाच्या फिरत्या भागांना वंगण कसे पुरवणार? तशीच गाडी पळवत राहिले असते, तर त्या गॅरेजवाल्याचे म्हणणे खरे झाले असते. इंजिन खरोखरच गेले असते!

"पंप बदलायचा," मिस्त्रीकाका म्हणाले. "पण आधी नियम."

हे नियम तुम्हीही वाचाच. पेट्रोलची वाफ डोळ्यांना दिसत नाही. ती हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि दूरवरची ठिणगीसुद्धा तिला पुरते. म्हणून गाडी उघड्यावर उभी केली. इंजिन पूर्ण थंड होऊ दिले. बॅटरीची ऋण वायर सोडवली. आगकाडी, उदबत्ती, मोबाइल फोन सगळे लांब ठेवले. आग विझवायचे नळकांडे हाताशी आणले. नातीने काय करायचे, तर चार पावले लांब उभे राहून नट-बोल्ट सांभाळायचे आणि कुठला पाइप कुठे होता, ते वहीत काढायचे. पानाला हात लावायचा नाही. तिने तोंड वाकडे केले, पण ऐकले. आणि हो, पाइपला तोंड लावून पेट्रोल ओढायचा प्रकार काही जण करतात. तो कधीही, कुणीही करू नये. पेट्रोल फुप्फुसात गेले तर जिवावर बेतते.

मग काम सुरू झाले. टाकीकडून येणारा पाइप सोडवून मिस्त्रीकाकांनी त्याचे तोंड बुचाने बंद केले. कार्बुरेटरकडे जाणारा पाइप सोडवला. सांडलेले चार थेंब फडक्याने टिपून ते फडके लांब उन्हात टाकले. इंजिन हाताने थोडे फिरवून त्यांनी आतला उंचवटा पंपापासून दूर नेला.

"हे कशाला?" नातीने विचारले.

"उंचवटा दांडीला रेटत असला, तर पंप सरळ बसत नाही. मग माणूस नट आवळून आवळून बसवायला जातो आणि पंपाचा कान तुटतो."

दोन नट सोडले आणि पंप हातात आला. त्याच्या मागे एक जाड पॅकिंग होते. दिसायला क्षुल्लक, पण त्याची कामे दोन. तापलेल्या इंजिनाची उष्णता ते पंपापर्यंत पोहोचू देत नाही, नाहीतर पंपात पेट्रोलची वाफ होऊन गाडी अडते. पूर्वी उन्हाळ्यात ड्रायव्हर लोक घाटात पंपावर ओले फडके ठेवायचे, ते याचसाठी. दुसरे म्हणजे दांडी किती आत जाईल, हे या पॅकिंगची जाडी ठरवते. पातळ घातले तर पडद्यावर ताण, जास्त जाड घातले तर पडदा पुरेसा हलतच नाही. म्हणून होते त्याच जाडीचे नवे पॅकिंग घ्यायचे.

इंजिनाच्या भोकात स्वच्छ फडके कोंबून मिस्त्रीकाकांनी चिकटलेले जुने पॅकिंग खरवडले. कचरा आत पडू नये म्हणून ते फडके. मग फडके काढले. (ते काढायला विसरू नये, हा नियम नातीने आपण होऊन वहीत लिहिला!) नवा पंप जुन्याशेजारी ठेवून दांडीची लांबी ताडून पाहिली. मग तो बसवला आणि दोन्ही नट थोडे याचे, थोडे त्याचे असे आलटून पालटून आवळले. पाइप जोडले, क्लिपा नव्या लावल्या. इंजिनातले सगळे तेल काढून नवे भरले. बॅटरी जोडली. सेल्फ मारला. पहिल्या खेपेला नुसतीच घरघर झाली, कारण रिकाम्या पाइपातून पेट्रोल यायला वेळ लागतो. तिसऱ्या खेपेला गाडी अशी झोकात सुरू झाली, की आजोबांनी टाळी वाजवली. कुठे गळते का, ते पाहिले. सगळे कोरडे ठणठणीत.

मग आम्ही निघालो यवतेश्वरच्या घाटात. पहिले वळण झाले. दुसरे झाले. तिसऱ्या वळणावर गाडीने आचका दिला. आणि बंद!

कुणीच काही बोलेना. आजोबा काचेतून समोर बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "राहू दे. रविवारी तो येणारच आहे."

मिस्त्रीकाका कपाळाचा घाम पुसत बॉनेटजवळ उभे राहिले. गाडी थोड्या वेळाने सुरू झाली, तशी नात लांबूनच इंजिनाकडे टक लावून बघत होती. पंपाच्या आधी पाइपमध्ये एक पारदर्शक फिल्टर होता. ती म्हणाली, "काका, पेट्रोलला सोड्यासारखे बुडबुडे येतात का हो?"

मिस्त्रीकाकांनी वाकून पाहिले आणि डोक्यावर हात मारून घेतला. फिल्टरमधून बुडबुड्यांची माळ चालली होती. पंप पेट्रोलबरोबर हवाही ओढत होता!

"पण पाइप कुठे गळत तर नाही," आजोबा म्हणाले.

इथेच तर खरी मेख आहे. नळाचा पाइप फुटला, तर पाणी बाहेर उडते, कारण आत दाब जास्त असतो. पण पंपाच्या मागच्या पाइपात दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. तिथे चीर पडली, तर पेट्रोल बाहेर येत नाही, उलट हवाच आत शिरते. शहाळ्याची नळी चिरलेली असली की कसे होते? कितीही ओढा, तोंडात नुसती हवा! सपाट रस्त्यावर इंजिनाची भूक थोडी, म्हणून हवा मिसळलेल्या पेट्रोलवर भागायचे. चढावर भूक वाढते आणि गाडीचे नाक वर झाल्यामुळे मागची टाकी आणखी खाली जाते. पेट्रोल जास्त उंच चढवायचे आणि तेही फुटक्या नळीने! कसे जमावे?

घरी आल्यावर मिस्त्रीकाकांनी गाडीखाली शिरून टाकीजवळचा वीतभर रबरी पाइप तपासला. सरळ असताना तो धडधाकट दिसत होता. वाकवला, तर टाचेला भेगा पडाव्यात तशा त्याला भेगा! पेट्रोलचा नवा पाइप आला चहा-वड्याच्या पैशात.

मिस्त्रीकाका आजोबांना म्हणाले, "पंप खराब होताच. पण एक चूक सापडली आणि मी दुसरी शोधायचं थांबलो. चूक माझी. हिनं पाहिलं म्हणून बरं." पन्नास वर्षे पाना धरलेल्या माणसाने आठवीतल्या मुलीसमोर हे सरळ सांगितले. मला तो पंप बदलण्यापेक्षा मोठा धडा वाटला.

शनिवारी पुन्हा यवतेश्वर. या वेळी गाडी चालवायला कोण होते ठाऊक आहे? आजी! लायसन्सची मुदत त्यांनी गेल्याच वर्षी वाढवून घेतली होती. तिसरे वळण आले, तसे सगळे गप्प झाले. गाडी मात्र गुरगुरत वर गेली ती थेट माथ्यावर. आजींनी ब्रेक लावला आणि आजोबांकडे बघून एवढेच म्हणाल्या, "आता विका हवी तर."

रविवारी भंगारवाला आला. चहा पिऊन रद्दी घेऊन गेला. जुना पंपसुद्धा त्याला मिळाला नाही. तो मिस्त्रीकाकांनी धुऊन, वाळवून, उघडून दिला आहे आणि नातीने शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी फळीवर बसवला आहे. पडद्यावरची चीर दिसावी म्हणून तिच्याखाली पांढरा कागद लावला आहे.

आताच्या नव्या गाड्यांत असा पंप नसतो. विजेवर चालणारा पंप टाकीतच बुडवलेला असतो आणि तो कितीतरी जास्त दाबाने पेट्रोल पाठवतो. पण काम तेच, भुकेल्याला वेळेवर घास पोहोचवायचा.

तुम्हीच करून पाहा : पेलाभर पाणी आणि दोन नळ्या घ्या. एका नळीला, पाण्याच्या वर राहील अशा ठिकाणी, टाचणीने दोन-तीन भोके पाडा. दोन्ही नळ्यांनी पाणी ओढून पाहा. भोकांतून पाणी गळते का? मग पाणी वर का येत नाही? आता भोकांवर बोट दाबून पुन्हा ओढा. काय झाले, ते वहीत लिहा आणि आई-बाबांना कारण समजावून सांगा. (पेट्रोलचे प्रयोग मात्र घरी मुळीच करायचे नाहीत. ते मिस्त्रीकाकांचे काम.)

आणि एक कोडे : आजोबांची गाडी याच वेगाने सातारा ते पुणे अशी ११० किलोमीटर गेली, तर पंपाचा पडदा किती वेळा खालीवर होईल? वर दिलेले आकडे वापरा. उत्तर पुढच्या आठवड्यात. तेव्हा आपण भेटणार आहोत भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळाला. तोवर टाटा!